रावणेश्वरावर, दुपारी चार वाजता

कोल्हापुरात माणसाची ओळख पेठेवरून ठरते, आणि पेठेच्याही आत तालमीवरून. त्यामुळं आधीच सांगून ठेवतो, मी कुठल्या तालमीचा ते इथं लिहिणार नाही. लिहिलं की निम्मे वाचक दुसऱ्या ओळीलाच उठून जातील आणि उरलेले निम्मे आपल्या तालमीचं नाव किती वेळा आलं ते मोजत बसतील. मी केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या फुटबॉल लीगमध्ये ब गटातून डावा बॅक म्हणून खेळलो, एवढं पुरे. डावा बॅक का, तर ती जागा कुणाला नको होती म्हणून. सगळ्यांना पुढं खेळायचं असतं.

हे लिहायला कारण झाला भाचा. तो हिंजवडीत नोकरीला आहे. रात्री दहानंतर मित्रांबरोबर टर्फ बुक करतो, तासाचे पैसे भरून फुटबॉल खेळतो. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "मामा, आपली केएसए लीग म्हणजे हौशीच ना? म्हणजे त्यातून पोट भरत नाही कुणाचं." मी म्हटलं, "हौशी म्हणजे काय ते तुला सांगतो." तेवढ्यात त्याला ऑफिसचा कॉल आला. तो कॉल अजून संपलेला नाही असं दिसतं. म्हणून जे सांगायचं होतं ते इथं लिहून टाकतो, वाचेल कधीतरी.

माझी आजी शाहू स्टेडियमला शेवटपर्यंत स्टेडियम म्हणाली नाही. "पोरगा कुठाय?" असं कुणी विचारलं की "रावणेश्वरावर गेलाय" म्हणायची. तिथं पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. ते बुजवलं आणि मैदान झालं. देऊळ आजही स्टेडियमला लागून आहे. कोल्हापूरनं अशी बरीच तळी गिळली. कपिलतीर्थावर मंडई बसली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. वरुणतीर्थानं मात्र आपली जागा सोडलेली नाही. पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साठतं आणि पोरं त्यातच चिखलात चेंडू मारत असतात. रावणेश्वराचं पाणी तेवढं कुठं गेलं कळत नाही, कारण एप्रिलमध्ये तिथली माती अशी तापते की बुटाच्या तळव्यातून चटका बसतो.

मी त्या मैदानात पहिल्यांदा गेलो ते तिकीट काढून नव्हे. १९७२ साल असावं, मी नऊ वर्षांचा. मैदान आखायला एक मामा असायचे (नावानं त्यांना कुणीच हाक मारत नसे, सगळ्या गावाचे मामा), त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं-तिघं पोरं. काम काय, तर खुंट्या आणि दोर धरायचा. मामा मधोमध एक खुंटी ठोकायचे, तिला दहा यार्डांचा दोर बांधायचे. दोराचं दुसरं टोक ताणून धरून मी गोल फिरायचो आणि ते मागून वाकून हातानं फक्की सोडत यायचे. वर्तुळ जुळून आलं की समाधान. नाही जुळलं तर शिवी, कारण दोर मी सैल सोडलेला असायचा. पेनल्टीचा ठिपका गोलपासून बारा यार्डांवर. तो मात्र ते दोरानं मोजायचे नाहीत, पावलं टाकायचे आणि दरवेळी बरोबर यायचे. एकदा मी शहाणपणा करून नंतर दोर लावून मोजलं. चार बोटांचा फरक निघाला. मामांना सांगायची हिंमत झाली नाही. त्या दिवशी त्याच ठिपक्यावरून एक पेनल्टी बाहेर गेली आणि मला रात्रभर झोप नव्हती.

वारा सुटला की फक्की डोळ्यांत जायची. त्याचं औषध मामांकडं एकच होतं, "डोळं चोळू नगंस. रड." रडलं की धुऊन निघते.

या मजुरीच्या बदल्यात मैदानाच्या कडेला, लाईनमनच्या मागं बसायला मिळायचं. गॅलरीतून सामना दिसतो, पण लाईनीवरून सामना ऐकू येतो. दोन खेळाडू खांद्याला खांदा घासून पळतात तेव्हा नाकातून येणारा आवाज, गोलकीपरच्या शिव्या, पंचाला घातलेली विनवणी. आणि चेंडू. तेव्हाचा चामड्याचा चेंडू वादीनं आवळलेला असायचा, आत रबराचा ब्लॅडर. ज्यानं वादीच्या बाजूनं हेड मारला त्याच्या कपाळावर टाके घातल्यासारखा ठसा उठायचा. माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या कपाळावर असा ठसा मी स्वतः बघितलाय. ते गोलकीपर होते, हेड मारायचं त्यांना काही कारण नव्हतं. पण ऐकणार कोण.

आता थोडा इतिहास, कारण भाच्याला तारखा लागतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, १९४० सालची. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीचं ते शेवटचं वर्ष. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ पासून चालू होता, गोऱ्या पलटणी तिथं खेळायच्या. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन १९११ ची. त्या हिशेबानं आम्ही उशिरा आलो. पण मुंबईत फुटबॉल आला तो पलटणींच्या आणि पुढं कंपन्यांच्या पोटी, आणि आमच्याकडं तो वाढला तालमीच्या हौद्यात, हा फरक ध्यानात घ्यायला पाहिजे.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. शाहू महाराजांनी कुस्तीला जो आधार दिला तो सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. खासबाग मैदान १९१२ सालचं. पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. सकाळी जोर-बैठका, लाल माती, एक हनुमान, एक आरसा, आणि संध्याकाळी कट्ट्यावर पेठेचा कारभार. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, मयताची तयारी तालमीची पोरं करणार, लग्नात वाढायला तालमीची पोरं. अशा ठिकाणी फुटबॉल आला तेव्हा त्यासाठी कुणी वेगळा क्लब काढला नाही. तालमीनंच तो घरात घेतला. म्हणून आमच्या संघांची नावं बघा. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ, शिवाजी तरुण मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. प्रॅक्टिस क्लब हे एक इंग्रजी नाव, तेही आता इतकं आमचं झालंय की मराठीच वाटतं. वाघाच्या तालमीचा संघ कॉर्नर किक घेतोय असं वाक्य जगात दुसरीकडं कुठं बोललं जात असेल?

हा माझा लाडका मुद्दा आहे, त्यामुळं जरा रेंगाळतो. क्लबचा खेळाडू क्लब सोडू शकतो. तालीम सोडता येत नाही. संघ हरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना त्याच गल्लीतून जायचं असतं. कोपऱ्यावरचा पानवाला, इस्त्रीवाला, समोरच्या माडीवरच्या आज्जी, सगळ्यांना उत्तर द्यायचं असतं. "काय रं, मोकळं गोल हुतं की." या एका वाक्याला घाबरून मी जेवढा पळालोय तेवढा कुठल्याही प्रशिक्षकाला घाबरून पळालो नाही.

पुढं काही वर्षं मी तालमीचा खजिनदार होतो. तेव्हा जुन्या चोपड्या ताब्यात आल्या. साठच्या दशकातल्या एका हंगामाचा फुटबॉलचा सगळा जमाखर्च दीड पानात मावलेला. ब्लॅडर एक. वादी दोन. लिंबं. बुटांना गट्टू ठोकणावळ (तेव्हा बुटांच्या तळाला चामड्याचे गट्टू खिळ्यांनी ठोकलेले असायचे, झिजले की चांभाराकडं). गोलकीपरच्या गुडघ्याला पट्टी. आणि शेवटी एक नोंद, 'दूध, जिंकल्याबद्दल'. हे दूध म्हणजे गंगावेशीच्या कट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या करून समोर पिळून देतात ते. जिंकला तर अकरा जणांना ग्लासभर धारोष्ण दूध. ती नोंद हंगामात तीनदा आहे. हरल्यावर काय मिळायचं त्याची नोंद नाही. तात्यांनी सांगितलं होतं, काही नाही, अंघोळ.

तर भाच्या, तेव्हाचा हौशी तो असा. खेळाडूचं पोट एसटीच्या वर्कशॉपवर, उद्यमनगरातल्या लेथवर, गुऱ्हाळावर, नाहीतर गुजरीतल्या भट्टीवर. खेळ तालमीचा.

माझ्या वेळेपर्यंत, म्हणजे १९८३ ला मी खेळायला मैदानात उतरलो तोवर, थोडं पुढं गेलं होतं. बूट तालीम द्यायची, पण घरी न्यायला नाही. सामना झाला की चिखल काढून तालमीच्या फळीवर ठेवायचे. मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागलो होतो. सकाळची पाळी मागून घ्यायची, दोनला सुटायचं, सायकल मारत मैदानावर. ग्रीस पुरतं निघालेलं नसायचं. थ्रो-इन टाकताना चेंडूवर माझी बोटं उमटायची आणि पंच फडकं मागवायचा.

त्या काळातली माझी एक चूक सांगतो. हंगामाच्या आधी खेळाडूंची नोंदणी असते. त्या आठ-दहा दिवसांत कोण कुठं जातोय यावर अख्खं गाव बोलत असतं. आजही तसंच आहे, नोंदणीच्या दिवसात वर्तमानपत्रं ते लग्नसराईसारखं छापतात. १९८४ च्या नोंदणीला मी आपल्या तालमीचा फॉर्म भरून मोकळा झालो होतो. दोन दिवसांनी गंगावेशीत दुसऱ्या एका तालमीचे कारभारी भेटले. दूध पाजलं. गप्पा मारता मारता म्हणाले, "तुझी सही कशी रं असती? बघू." मी एकवीस वर्षांचा, नुकताच मराठीत लफ्फेदार सही करायला शिकलेला. केली. कागद घडीचा होता, वरचा भाग मी बघितलाच नाही. दोन्ही फॉर्म जमा झाले. दोन फॉर्मवर सही म्हणजे नियमानं खेळाडू बाद. ते पूर्ण वर्ष मी गॅलरीत बसलो. आमच्या तालमीत माझ्याशी चार महिने कुणी बोललं नाही. आणि ज्यांनी दूध पाजलं त्यांनाही मी नकोच होतो. त्यांना फक्त आमचा डावा बॅक कमी करायचा होता. ब गटातल्या डाव्या बॅकसाठी एवढी चाल कुणी रचावी, याचा त्या वर्षी राग आला आणि नंतर जन्मभर अभिमान वाटला.

१९८६ ला दोन गोष्टी झाल्या. माझं लग्न झालं आणि दूरदर्शनवर वर्ल्डकप दाखवला. तालमीत वर्गणी काढून टीव्ही आणला होता. मध्यरात्री साठ-सत्तर माणसं, खिडकीत पोरं, आणि मॅराडोना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गांधी मैदानावर प्रत्येक पोरगा डाव्या पायानं खेळायचा प्रयत्न करत होता. कोल्हापुरात अर्जेंटिना आणि ब्राझील या दोन पेठा आहेत हे मी भाच्याला लहानपणी सांगायचो, त्यातली सुरुवात त्या उन्हाळ्यातली. वर्ल्डकपच्या वर्षी चौकाचौकांत मेस्सी नाहीतर नेमारचे कटआउट लागतात. तीच पोरं आधीच्या महिन्यात आपल्या पेठेच्या सेंटर फॉरवर्डचा फलक लावत होती. त्यांच्या लेखी दोघं सारखेच, फक्त एकजण घराजवळ राहतो.

लग्नाचा संबंध असा की माझी सासुरवाडी दुसऱ्या पेठेत. मेहुणा तिकडच्या तालमीकडून राईट विंगला खेळायचा. उजवीकडून पळणाऱ्याला अडवायचं काम डाव्या बॅकचं. १९८७ च्या फेब्रुवारीत तारीख पडली तेव्हा घरात आठ दिवस आधीपासून गप्पगप्प. आमची ही म्हणाली, "मी काही येणार नाही बघायला." ती आली. बायकांच्या बाजूला पदर ओढून बसलेली मला लांबून दिसली.

मेहुणा वाऱ्यासारखा होता. पहिल्या दहा मिनिटांत दोनदा मला चकवून गेला. गॅलरीतून एकजण हलगीच्या तालावर ओरडायला लागला, "दाजी, सोडा! दाजी, सोडा!" सगळी गॅलरी त्यात मिसळली. तिसऱ्या वेळी मी सोडला नाही. चेंडूला पाय लागला, पण त्याच्या घोट्यालाही लागला. तो पडला, उठला, लंगडत खेळला. सामना बरोबरीत सुटला, शून्य-शून्य. त्या रात्री सासुरवाडीत जेवायला बोलावलेलं होतं, आधीच ठरलेलं. मेहुणा पलंगावर, घोट्याला हळद-चुन्याचा लेप. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तांबडा वाढला, पांढरा वाढला. मटण वाढायची वेळ आली तेव्हा परातीतलं बघून-बघून सगळी नळीची हाडं मेहुण्याच्या ताटात आणि माझ्या ताटात बटाटा. मी मान खाली घालून जेवलो. हात धुताना त्या मागून म्हणाल्या, "पावणं, चेंडूला पाय लागला हुता, ते दिसलं मला. पर आईचं मन हाय." बटाट्याचा राग तिथंच गेला.

मेहुणा आता बासष्ट वर्षांचा आहे. थंडीत तो घोटा अजून दुखतो म्हणतो. मला खात्री आहे की दुखत नाही, पण मी ऐकून घेतो.

नव्वदनंतरचं मी भराभर सांगणार आहे, कारण तो भाग सगळ्यांना माहीत आहे. लीग चालू राहिली. वरिष्ठ गटात १६ संघ, खाली बाकीचे गट. लीग झाली की हंगामाच्या उरलेल्या दिवसांत बाद पद्धतीच्या स्पर्धा. त्या वाढत गेल्या. महापौर चषक, अटल चषक, राजेश चषक, सतेज चषक. नावांवरूनच कळतं की स्टेजवर कोण बसतं. आमच्यात म्हणतात, कोल्हापुरात निवडणूक लढवायची तर आधी किक ऑफ करता आली पाहिजे. मला यात फार वाईट वाटत नाही. बक्षिसाच्या रकमा वाढल्या, मैदानावर पाण्याचा टँकर वेळेवर यायला लागला, सामनावीराला स्टीलच्या डब्याऐवजी पाकीट मिळायला लागलं. लीगकडं मात्र थोडं दुर्लक्ष झालं, हे माझं मत. चषकात एक दिवस चमकला की नाव होतं. लीगमध्ये तीन महिने गुण गोळा करायला लागतात, ते कुणाला दिसत नाहीत.

मग बाहेरचे खेळाडू आले. आधी गोव्याचे, मुंबईचे, मग थेट नायजेरिया आणि आफ्रिकेतल्या इतर देशांचे. पेठेत खोली घेऊन राहायचे. आमच्या गल्लीत एक होता, उंच, शांत. रविवारी चर्चला जायचा आणि आल्यावर समोरच्या काकूंकडं भाकरी-पिठलं खायचा. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. दोन महिन्यांत तो "काकू, तिखट कमी" म्हणायला शिकला. हंगाम संपला, गेला. काकू अजून विचारतात. पण त्याच वर्षी आमचा स्वतःचा एकोणीस वर्षांचा फॉरवर्ड सगळा हंगाम राखीव बाकावर बसून होता, हेही मी विसरत नाही. त्याच्या बापानं तालमीच्या कट्ट्यावर येणं सोडलं. पैसे आले म्हणून लीग बिघडली असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण पोरगा बाकावर बसला की बापाला विचारणारा कोपरा तोच राहतो, पानवाला तोच, आणि त्याला करार-बिरार समजत नाही.

आणि हुल्लडबाजी. ते टाळून पुढं गेलो तर खोटं होईल. दोन पेठांचे समर्थक समोरासमोरच्या गॅलरीत, पोलीस मध्ये, तरी दगड-बाटल्या सुटतात. असे हंगाम झालेत की हाणामारीपायी सामने मध्येच थांबवावे लागले, स्पर्धा अर्ध्यावर गुंडाळल्या गेल्या. एकदा एक बाटली माझ्या कानाजवळून गेली आणि पुढच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसली. कुठल्या बाजूनं आली ते मला माहीत आहे. आमच्याच बाजूनं. म्हाताऱ्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेताना मी त्याला म्हणालो, "पलीकडनं आली, आजोबा." तो म्हणाला, "व्हय, पलीकडनंच की." तोही आमच्याच पेठेतला होता. दोघंही खोटं बोललो, आणि दोघांनाही माहीत होतं. यावर मला अजून काही बरं बोलता येत नाही.

चांगल्या आठवणीही आहेत. ६ ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप, दिल्लीत भारत विरुद्ध अमेरिका. भारत फिफाच्या स्पर्धेत पहिल्यांदा खेळत होता आणि संघात आमचा अनिकेत जाधव. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडलेला, पण चेंडू पहिल्यांदा लाथाडला तो कोल्हापूरच्या मातीत. आपण ०-३ हरलो. तालमीत कुणी उठलं नाही. सगळे स्क्रीनवर एकच पोरगा शोधत होते, चेंडू कुठं आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. त्या वर्षीच्या शेवटी महिलांच्या इंडियन विमेन्स लीगची प्राथमिक फेरी शाहू स्टेडियमवर झाली. मणिपूर, ओडिशा, तमिळनाडूच्या मुली. ज्या मैदानावर बायका एका कोपऱ्यात पदर ओढून बसायच्या तिथं मणिपूरची एक मुलगी डाव्या बाजूनं अशी चेंडू काढत वर यायची की मी शेजारच्याला म्हटलं, डावा बॅक असा असतो. २०२३ च्या जानेवारीत राज्यांच्या संघांच्या संतोष करंडकाचे एका गटाचे सामने इथंच झाले, बंगालचा संघ आला होता. बंगालला हलगी-घुमकं ऐकून काय वाटलं असेल कोण जाणे.

मध्ये २०२० चा मार्च. हंगाम भरात होता आणि सगळं बंद. शाहू स्टेडियमच्या दाराला कुलूप आणि आत गवत. त्या उन्हाळ्यात संध्याकाळी चार वाजले की मी घरात कारण नसताना चप्पल शोधायला लागायचो. ही म्हणायची, "कुठं निघालाय? रावणेश्वरावर?" माझ्या आजीचा शब्द तिच्या तोंडी कसा आला, तिला विचारलं तर म्हणाली, तुमच्याकडूनच.

परवा संध्याकाळी तालमीचा एक पोरगा पावतीपुस्तक घेऊन दारात आला. नवीन कार्यकारिणीतला, कानात बाळी, हातात मोबाईल. नोंदणी तोंडावर आलीय, वर्गणी पाहिजे. यंदा बाहेरचा एक सेंटर फॉरवर्ड बघून ठेवलाय म्हणाला, व्हिडिओ दाखवला. चांगला होता पोरगा, उंच, हेड चांगला. मी व्हिडिओ पूर्ण बघितला. मग विचारलं, "डावा बॅक कोण हाय?"

"अजून नाही बघा काका," तो पावती फाडत म्हणाला. "ते मिळंल कोण तरी."

त्यानं सांगितलेल्या वर्गणीपेक्षा मी शंभर रुपये कमी दिले.